यवतेश्वरचा उतार

बँकेतील नोकरीत मी कधी धावलो नाही, असे नाही. पण ते धावणे मार्चअखेरच्या ताळेबंदामागचे आणि लेखापरीक्षक येण्याच्या आदल्या रात्रीचे. प्रत्यक्ष पायांनी धावण्याची बुद्धी मला साठीत झाली, तीही रक्तातील साखरेने मर्यादा ओलांडल्यावर. गोळी सुरू करण्यापूर्वी तीन महिने नियमित चालून पाहा, असे डॉक्टरांनी सुचवले. चालता चालता पाय आपोआप उचलू लागले, आणि निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी मी जालन्याहून चारशे किलोमीटर दूर साताऱ्याला जाऊन डोंगरावर धावून आलो. त्या प्रवासाची हकीकत वाचकांसमोर ठेवतो आहे. तिच्यात निसर्ग आहे आणि आनंदही आहे. शिवाय माझ्या खात्यातील एक नावे नोंदही आहे. ती वगळून लिहिले तर ताळेबंद खोटा होईल.

साताऱ्याची ही शर्यत म्हणजे ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’. सातारा रनर्स फाउंडेशनने ती २०१२ मध्ये सुरू केली. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची; ही तिच्या निम्मी, म्हणजे २१ किलोमीटरहून किंचित अधिक. दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात, बहुधा सप्टेंबरमधील एखाद्या रविवारी ती होते. शहरातून निघायचे, समर्थ मंदिर आणि बोगद्याजवळून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर ठरलेल्या वळणापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने परत शहरात उतरायचे. २०१५ मध्ये येथे २,६१८ धावपटूंनी एकाच वेळी डोंगर-धाव पूर्ण केली आणि तिची नोंद गिनीज बुकात झाली. तेव्हापासून नोंदणी उघडली की जागा भराभर संपतात. आमच्या दोन जागा मिळाल्या त्या माझ्या नातवामुळे. सकाळपासून तो मोबाइल हातात धरून बसला होता.

दोन जागा म्हटले, कारण मी एकटा नव्हतो. सदर बाजारात कापडाचे दुकान असलेले माझे एक मित्र सोबत होते. मी बँकेत असताना ते खातेदार होते. तेव्हापासून ते मला ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘शेठजी’. वयाने ते माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, अंगाने जरा भारी, स्वभावाने माझ्यापेक्षा कितीतरी मोकळे. आमचा सराव चाले तो घाणेवाडीच्या रस्त्यावर. निजामकाळातील त्या जलाशयाने आमच्या शहराला पिढ्यान् पिढ्या पाणी पाजले. २०१२-१३ च्या दुष्काळात गावोगाव टँकरची वाट पाहणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना त्या तलावाकडे पाहत धावताना पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

अडचण एकच होती. ‘जालना, सोने का पालना’ असे आमच्या गावाचे कौतुक होते. पण पाळणा सपाट जमिनीवर टांगलेला! येथे डोंगर कोठून आणायचा? म्हणून दर रविवारी आम्ही अंबडला जाऊ लागलो. तेथे माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवीचे देऊळ आहे. त्या टेकडीवर पाच-पाच वेळा चढउतार करायचा आणि घरी परतायचे. तेव्हाच आमचा एक करार ठरला. शर्यतीत कोणी कोणाला सोडायचे नाही. एकत्र सुरुवात, एकत्र शेवट. करार तोंडी होता. आयुष्यभर मी तोंडी करारांवर विश्वास ठेवू नका असे लोकांना सांगत आलो. पण हा करार मोडणारा मीच निघेन, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

घरातून विरोध झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. “चातुर्मासात साधुसंत एका जागी स्थिर राहतात आणि तुम्ही मात्र घाटात धावत सुटणार!” असे सौभाग्यवती म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांची खरी काळजी पाण्याची होती. माझा चौविहार आणि नवकारसीचा नियम कित्येक वर्षांचा आहे. म्हणजे आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत अन्नही नाही, पाणीही नाही. शर्यत उजाडताना सुरू होणार. म्हणजे पहिला अर्धा-पाऊण तास पाण्याशिवाय काढावा लागणार. आम्ही गावात चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींना विचारले. पच्चक्खाण यथाशक्ती घ्यायचे असते, शक्तीबाहेर घेतले तर त्यात अहंकार शिरतो, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. मग मी डॉक्टरांचा सल्ला घेतला आणि जालन्यातच पाच वेळा तसे धावून पाहिले. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहिले तर सकाळच्या गारव्यात पहिला पाऊण तास जड जात नाही, असा माझा अनुभव आला. हे मी कोणी अनुकरण करावे म्हणून लिहीत नाही. ज्यांना मधुमेहाची औषधे सुरू आहेत, रक्तदाब आहे किंवा चक्कर येते, त्यांनी असे धाडस मुळीच करू नये.

शनिवारी पहाटे आम्ही मोटारीने निघालो. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे, खंबाटकीचा घाट आणि मग सातारा. पुण्यापर्यंत आकाश आपल्या ओळखीचे होते. खंबाटकी ओलांडल्यावर ढग खाली येऊ लागले. मराठवाड्यातील माणसाला हिरव्या रंगाच्या दोनच छटा ठाऊक, एक कपाशीची आणि दुसरी मोसंबीच्या बागेची. येथे डोंगराच्या प्रत्येक पदराला वेगळा हिरवा होता. पण हाच जिल्हा पूर्वेकडे माणदेशात आपल्याइतकाच कोरडा आहे, हे विसरता येत नाही. त्याच माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी त्याच प्रकारात २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. दोघेही दुष्काळी मातीतले. जेथे पाणी दूर असते तेथील पायांना चालण्याची सवय असते, एवढेच मी यातून समजतो.

साताऱ्यात छातीवर लावायचा क्रमांक घेतला. धावपटू त्याला ‘बिब’ म्हणतात. त्यातच वेळ मोजणारी चिप असते. सूर्यास्तापूर्वी वरणभात आणि मुगाची उसळ घेतली. लॉजच्या मालकाने आग्रहाने कंदी पेढे पुढे केले. शेठजी दचकून म्हणाले, “साहेब, हे कंदी म्हणजे कंदमूळ तर नव्हे ना?” मालक मनमुराद हसले. शुद्ध दुधाचा खवा आहे अशी खात्री झाल्यावर शेठजींनी चार पेढे संपवले.

रविवारी पहाटे मैदानावर हजारो माणसे जमली होती. पुण्याहून आलेल्या संगणक कंपन्यांतील मुली, कोल्हापूरचे एक डॉक्टर दांपत्य, पोलीस, शिक्षक, विटकऱ्या टोपीतील एक आजोबा. माझ्या शेजारी कराडचे एक शाळामास्तर उभे होते. त्यांची ही चौथी खेप होती. मी चढाविषयी विचारू लागलो तेव्हा त्यांनी हात हलवला. “आवं काका, चढ कुनीबी चढतंय. दम लागला की मानूस आपोआप हळू हुतंय. उतार समजला पायजे. पयल्या वर्षी म्या उतारावर मोकाट सुटलो, आन् चार दिस जिना उलटा उतरत हुतो.” मी नम्रपणे मान डोलावली. ऐकले मात्र नाही.

शर्यत सुरू झाली. सातारकरांचे वर्णन करावे तेवढे थोडे. घराघरांतून माणसे रस्त्यावर आली होती. ढोल होते, लेझीम होती, शाळेची मुले हात पुढे करून उभी होती आणि प्रत्येक धावणाऱ्याने त्या हातावर टाळी द्यायची होती. एक आजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला “सावकाश, बाळांनो” म्हणत होत्या. माझ्या पिकलेल्या केसांना कित्येक वर्षांनी कोणी बाळ म्हटले.

समर्थ मंदिर मागे पडले आणि घाट सुरू झाला. वळणामागून वळण. खाली शहर, समोर अजिंक्यताऱ्याचा काळाकभिन्न माथा, मध्येच ढगाचा एक लोट येऊन सगळे पुसून टाकी. चढावर कोणी धावत नव्हते, फार तर धावल्यासारखे करीत होते. पण एक गोष्ट मला फार जाणवली. चढावर सगळी माणसे एकमेकांची झाली होती. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला मिठाची चिमूट देत होता. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई शेठजींना श्वास कसा घ्यावा ते समजावत होत्या. एक दृष्टिहीन तरुण आणि त्याचा सोबती एका लहानशा दोरीची दोन टोके हातात धरून एका लयीत चढत होते. सोबती हळूच सांगे, “डावीकडे वळण, पुढे पाणी सांडलेय,” आणि दोघांची पावले एकदम बदलत.

सूर्योदयाची वेळ मी आधीच पाहून ठेवली होती. सात वाजून गेल्यावर, घाटाच्या मध्यावर, ४८ मिनिटे पूर्ण झाली. मी क्षणभर बाजूला उभा राहिलो, मनात नवकार म्हणून पच्चक्खाण पारले आणि पेल्यातील पाणी घेतले. पुढच्या टेबलावर उकडलेले बटाटे होते, केळी होती, संत्र्याच्या फोडी होत्या. बटाटे सोडून बाकी सर्व आम्हांला चालणारे होते. शेठजी म्हणाले, “साहेब, एवढ्या उंचावर एवढी सोय! आपल्या दुकानातसुद्धा गिऱ्हाइकाला एवढे विचारीत नाही.”

घाट संपला की यवतेश्वर आणि मग पठाराचा रस्ता. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे, तर कासचे पठार बाराशेच्या आसपास. हे पठार जांभ्या दगडाचे. कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो. मोठे झाड तेथे तगत नाही. म्हणून लहान लहान फुलझाडांनी ती जागा घेतली आहे. पावसाच्या अखेरीस काही आठवडे ती फुलतात. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात कासचाही समावेश आहे. साताऱ्याला पाणी देणारा कास तलाव याच रस्त्यावर पुढे आहे. आमचे वळण त्याच्या बरेच अलीकडे होते; पण रस्त्याच्या कडेलाही निळी-पिवळी बारीक फुले दिसत होती. जेमतेम बोटभर मातीवर एवढी समृद्धी! कर्जदाराची ऐपत केवळ तारणावरून ठरवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते दृश्य जरा वरमवणारे होते.

वळण घेतले तेव्हा घड्याळ पाहिले. चढाला लागलेला वेळ अपेक्षेपेक्षा कमी होता. तीन तासांच्या आत शर्यत पूर्ण होऊ शकते, असा हिशेब मनात झाला. यापूर्वी हा आकडा माझ्या डोक्यात नव्हता. तो तेथे शिरला, आणि तेथूनच सारे बिघडले.

उतार सुरू झाला आणि पाय हलके झाले. येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, आणि ठणका मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतो. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून चालत आलेली ‘कॉम्रेड्स’ नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत आहे. ती साधारणतः एका वर्षी डर्बनहून वर पीटरमॅरिट्झबर्गकडे आणि दुसऱ्या वर्षी उलट खाली धावतात. खाली येण्याचे वर्षच पायांना अधिक जड जाते, असे तेथील अनेक जुने धावपटू सांगतात. कराडच्या मास्तरांनी हेच तर सांगितले होते.

वर जाताना जो जमाव एकमेकांना धरून होता, तो आता पांगला. ज्याचा त्याचा वेग, ज्याचे त्याचे घड्याळ. शेठजी माझ्यापुढे सुटले होते. पंधराव्या किलोमीटरच्या आसपास एका वळणावर ते कठड्यावर बसलेले दिसले. डाव्या गुडघ्यात कळ आली होती, पाऊल टेकवत नव्हते. चेहरा घामाने डबडबलेला. पण शुद्ध नीट होती, बोलणेही नीट होते.

मी थांबलो. विचारपूस केली. शेठजींनी माझ्या मनगटाकडे पाहिले. मी घड्याळ पाहत होतो, हे त्यांच्या लक्षात आले असावे. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही व्हा पुढे.”

आणि मी झालो पुढे.

मी स्वतःला अनेक कारणे दिली. पुढच्या टेबलावर सांगितले की मदत येईल. मी काही डॉक्टर नव्हे. त्यांनी स्वतःच तर जा म्हटले. पुढच्या टेबलावर सांगितलेही. स्वयंसेवकांना आधीच निरोप मिळालेला होता आणि गाडी निघाली होती. म्हणजे माझ्या थांबण्याने उपचारात काडीचा फरक पडला नसता. हिशेब पूर्ण बरोबर होता. मी दोन तास चोपन्न मिनिटांत शर्यत पूर्ण केली. गळ्यात पदक पडले, कोणीतरी छायाचित्र काढले. पण दिवसअखेर रोकड तंतोतंत जुळावी आणि तरी एक व्हाउचर कोठेच सापडू नये, तशी माझ्या मनाची अवस्था झाली होती.

थोड्या वेळाने शेठजी गाडीतून आले. गुडघ्याला पट्टी होती. त्यांनी माझे पदक हातात घेऊन पाहिले, “झकास” म्हणाले आणि परत केले. परतीच्या चारशे किलोमीटरांत ते मागच्या आसनावर पाय लांब करून बसले होते. आम्ही पावसावर बोललो, सरकीच्या भावावर बोललो. त्या वळणावर कोणी बोलले नाही. घरी सौभाग्यवतींनी छायाचित्र पाहिले आणि सहज विचारले, “यात शेठजी कोठे आहेत?”

दोन आठवड्यांनी पर्युषण आले. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर स्थानकात शेकडो माणसे हात जोडून एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात. मीही वर्षानुवर्षे म्हणत आलो; बहुतेक वेळा ज्यांचे काहीच बिघडवलेले नसते अशा माणसांना. त्या वर्षी मात्र दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शेठजींच्या दुकानी गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. मग म्हणालो, “शेठजी, घाटातल्या त्या वळणाबद्दल मिच्छामि दुक्कडं.”

ते बराच वेळ थान गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “साहेब, मी व्हा पुढे म्हणालो, ते मनापासूनच म्हणालो होतो. राग काहीच नाही. फक्त वाटले होते, वळणापाशी तुम्ही एकदा मागे वळून पाहाल.”

मी पाहिले नव्हते.

एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र बँकेतील दिवस येऊन गेले. शाखा अडचणीत असताना आम्ही सारे कर्मचारी रात्री दहा-दहापर्यंत एकमेकांचे काम उचलत होतो. पुढे बढत्या येऊ लागल्या, वाट सोपी झाली, आणि त्याच माणसांची नावेही हळूहळू विसरलो. चढ माणसांना जवळ आणतो. सोबतीची खरी पारख वाट सोपी झाल्यावर होते, हे समजायला मला साताऱ्यापर्यंत जावे लागले.

ज्यांना तेथे जावेसे वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सहा महिने आधी तयारीला लागा आणि हृदयाची तपासणी करून घ्या. सपाट गावात राहत असाल तर एखादी टेकडी शोधा, आणि चढण्याइतकेच उतरण्याचा सराव करा. उतारावर पावले लहान ठेवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. आदल्या दिवशी मुक्कामी लवकर पोहोचा, म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे जेवण निवांत होते. धावायचे नसेल तरीही टाळ्या वाजवायला जा; सातारकर तुम्हांला परके समजणार नाहीत.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. शेठजींचा गुडघा व्यायामाने बरा झाला होता. पण डॉक्टरांनी उतारावर धावण्याची मनाई केली होती. म्हणून घाट आम्ही चालत उतरलो. शेकडो माणसे आम्हांला मागे टाकून गेली. आमची वेळ आदल्या वर्षीपेक्षा बरीच वाढली. त्या वळणावर आल्यावर शेठजी कठड्याला हात लावून म्हणाले, “ही माझी जागा.” आम्ही दोघेही जरा टेकलो. ढग बाजूला झाला होता. खाली सातारा शहर, पलीकडे अजिंक्यतारा, ओलसर उन्हात चमकणारी कौले आणि पत्रे. आदल्या वर्षी मी याच ठिकाणाहून गेलो होतो. पण हे काहीच मला दिसले नव्हते.

शेठजी उठले आणि म्हणाले, “चला साहेब. पेढे संपतील.”